रजेच्या दिवशीची हजेरी

हर्सूल, रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

अंबिका,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला, म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोन तू उचलत नव्हतीसच, आणि परवापासून माझा नंबर लागतही नाही, म्हणजे तू काय केलंयस ते मला समजतं. पत्र काही तुला बंद करता येणार नाही. पोस्टमन ते नानांच्या हातात देईल आणि नाना तुझ्या हातात देतील. पस्तीस वर्षं तहसीलात कारकुनी केलेला माणूस आलेला कागद दाबून ठेवत नाही.

इथं सगळं ठीक आहे. दसऱ्याला समोरच्या घरचे सोनं द्यायला आले होते. वहिनी सणालाही दिसत नाहीत म्हणाले. मी म्हटलं, सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं, त्यांना हिच्याशिवाय कोणी नाही, आणि जावयाच्या घरी येऊन राहणं त्यांना मेलं तरी मंजूर नाही. यात एक अक्षर खोटं नाही. एवढं सांगितलं की लोक मान हलवतात आणि पुढचं विचारत नाहीत.

आता मुद्द्याचं. तुला सगळं माहीत आहे, तरी मी ओळीनं लिहितो, कारण माझी बाजू तू ऐकूनच घेतलेली नाहीस. दोन वर्षं तू वैजापूरहून लॅपटॉपवर विम्याचे दावे तपासत होतीस, आणि आपल्या ऑफिसात तुझ्याइतके दावे कोणी निकाली काढत नव्हतं. १ जुलैला हैदराबादच्या मुख्य ऑफिसचं फर्मान आलं. पाचही दिवस, नऊ-नऊ तास, सगळे ऑफिसात, सवलत कोणालाही नाही. तू अर्ज केलास, तो दोन ओळींत परत आला. मग आपण दोघांनी ठरवलं की तुझं कार्ड माझ्याकडे ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ माझ्याबरोबर तुझंही पंच करायचं, आणि तू तिकडून काम करत राहायचं. कामात कणभरही फसवणूक नव्हती. फक्त खुर्ची रिकामी होती. दोन महिने कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि सापडलो कधी, तर महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. आपल्या घरच्या महालक्ष्म्या म्हणून तू वैजापूरहून आली होतीस. सणासुदीला खोटं नको म्हणून तू १ सप्टेंबरची रीतसर रजा टाकलीस आणि मला तसं सांगितलंसही. मी त्या दिवशी अर्धा दिवस जाऊन यायचं म्हणून निघालो. डोक्यात सोळा भाज्यांतली एक मिळाली नव्हती तिचा विचार होता, आणि मशीनपाशी हात सवयीनं खिशात गेला. दोन्ही कार्डं लावली. चाळीसेक दिवस खोटे सांगितले ते पचले, आणि एकुलता एक खरा दिवस अंगाशी आला. रजेवर असलेली बाई ऑफिसात हजर. ही चूक माझी, हे मी मोकळेपणानं कबूल करतो.

पण चौकशीत मी तुझ्याविरुद्ध काही बोललो नाही. विचारलं तेव्हा गप्प बसलो. तूही गप्प बसलीस. त्यात आपल्या दोघांचं शहाणपण होतं असं मी धरून चाललोय. एकाची नोकरी गेली, दोघांची गेली नाही.

नानांना नमस्कार सांग.

वैजनाथ


ऑफिस, गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५

अंबिका,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

हे पत्र ऑफिसातून लिहितोय. कामं संपली तरी नऊ तास भरायचे असतात, आणि हजेरीचा तक्ता मीच हैदराबादला पाठवत असल्यानं मला तर जागचं हलताच येत नाही. फर्मानानंतर इथं काय चाललंय ते सांगतो, तेवढीच तुझी करमणूक. माणसं एकशे चाळीस आणि खुर्च्या शहाण्णव. त्यामुळे लोक आठलाच येतात आणि एसटीत टाकावा तसा खुर्चीवर रुमाल टाकून चहाला जातात. मग रुमाल कोणाचा यावरून भांडणं, आणि ती सोडवायला मी. शिवम पहिले आठ दिवस पंच करून खाली गाडीत जाऊन झोपायचा. ते कळल्यावर वरून आलं की जागेवर किती वेळ बसला तेही मोजा. आता तो जागेवर झोपतो. सोनियानं तिसऱ्याच आठवड्यात राजीनामा दिला, तिचं बाळ सात महिन्यांचं आहे. बाकीचे कानाला हेडफोन लावून बसतात आणि हैदराबाद, चेन्नईच्या लोकांशी बोलतात. घरून बोलायचे तेच इथून बोलतात, फक्त आता डबा बरोबर आणावा लागतो.

तुझ्या प्रकरणानंतर कार्डं बंद झाली. चेहरा ओळखणारं मशीन आलं. ते बसवून घ्यायचं काम कोणाकडे आलं असेल, सांग. एकशे चाळीस लोकांना एकेक करून उभं केलं, मान डावीकडे, मान उजवीकडे, चष्मा काढा. शिवम म्हणाला, "सर, तुम्ही हर्सूलला राहता ना? आतून काम बघून आलात का?" सगळे हसले. मीही हसलो. या शहरात हर्सूल म्हटलं की लोकांना जेलच आठवतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी जरा गुळमुळीत लिहिली. आपण दोघांनी ठरवलं, असं लिहिलं. तसं नव्हतं. तू २७ जूनला राजीनामा टाईप करून ठेवला होतास आणि मला वाचून दाखवला होतास. सरळ सोडते म्हणालीस, अनुभवाचं पत्र चांगलं मिळेल, घरून करायचं दुसरं काहीतरी बघेन. अडवलं मी. म्हटलं, वेडी आहेस का, मशीन माझ्या ताब्यात आहे, मी असताना तुला काय भीती? तू दोनदा नाही म्हणालीस. तिसऱ्यांदा मी चिडलो, आणि तू कार्ड काढून टेबलावर ठेवलंस.

कुंपणानंच शेत खायचं ठरवलं होतं. ते लिहायला हवं होतं, लिहिलं.

वैजनाथ


हर्सूल, रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

अंबिका,

पाडव्याला मी येऊन गेलो ते तुला आतल्या खोलीत ऐकू आलंच असेल. तुमचं घर किती मोठं आहे ते मला ठाऊक आहे.

नाना नेहमीसारखे वागले. ते खूप वाळलेत. त्यांनी स्वतः उठून मला पाणी दिलं, हे मला बरं वाटलं नाही. फराळाचं ताट आलं ते शेजारच्या बाईंच्या हातून. मी साडी आणली होती, ती त्यांच्या पलंगावर ठेवली. चौदा वर्षांत पाडव्याला तू ओवाळलं नाहीस असं झालं नव्हतं. मी पाऊण तास बसून राहिलो. नाना एकदा आत जाऊन आले आणि म्हणाले, "जावईबापू, इचारलं मी तिला. नाय म्हणती. मी काय जबरदस्ती करणार नाय. पोरीनं माझ्यापायी लई सोसलं." मी म्हटलं, बरोबर आहे. ते म्हणाले, "काय झालं ते ती बी सांगंना अन् तुम्ही बी सांगंना. कार्डाची चोरी केली म्हणत्यात. माझी पोरगी?"

मी चहा पिऊन निघालो. परतीच्या गाडीत वैजापूरपासून शहरापर्यंत उभा होतो, आणि उभं राहावं लागलं याचं बरं वाटलं.

म्हणून आज लिहितो. मी चौकशीत गप्प बसलो असं तुला लिहिलं होतं. हे तुलाच लिहायला मला लाज कशी वाटली नाही, कोण जाणे. तू तिथं होतीस. मी गप्प नव्हतो. मला विचारलं, यांचं कार्ड कोण पंच करत होतं तुम्हाला माहीत आहे का, आणि मी म्हणालो, मला माहीत नाही. तसं लिहूनही दिलं. खाली सही केली, तारीख घातली, २२ सप्टेंबर. त्या दिवशी घट बसले होते.

आणखी एक आहे, ते तुलाही माहीत नाही. हैदराबादचा पहिला मेल मला ४ सप्टेंबरला आला होता. १ तारखेचं दाराजवळच्या कॅमेऱ्याचं चित्रण काढून ठेवा, म्हणून. आपल्या कॅमेऱ्यात दहाच दिवसांचं राहतं, मग त्यावर पुढचं चढत जातं. हे त्यांना माहीत नव्हतं, मला होतं. मध्ये विसर्जनाचे शनिवार-रविवार आले. मी उत्तर दिलं १५ तारखेला. क्षमस्व, चित्रण उपलब्ध नाही. इतकं सोपं होतं ते. काही पुसावं लागलं नाही, फक्त उशीर करावा लागला.

त्या चित्रणात मी होतो. दोन्ही हातांत एकेक कार्ड.

मी तेव्हा स्वतःला सांगितलं की हे दोघांसाठी करतोय. चित्रण नाही म्हणजे पुरावा नाही, म्हणजे तूही सुटशील. पण तुझा लॅपटॉप वैजापूरहून चालू होता हे त्यांच्याकडे दोन महिन्यांचं लिहिलेलं होतं. तू सुटणार नव्हतीस. चित्रण नसल्यानं सुटलो तो मी एकटा.

साडी आवडली नसेल तर बदलून मिळेल. क्रांती चौकातलं नेहमीचं दुकान.

वैजनाथ


ऑफिस, बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

अंबिका,

आज राजनंदिनीनं मला तिच्या केबिनमध्ये बोलावलं. तिला अजून मी मोठ्या भावासारखा वाटतो. मनुष्यबळ खात्यात असूनही तिचं मन जागेवर आहे. दार लावून तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. नाशिकच्या एका कंपनीचा फॉर्म होता. तुझी निवड झाली आहे, घरून काम करायचं आहे, आणि आधीच्या कंपनीकडून खातरजमा हवी आहे. २० तारखेपर्यंत.

मला काही माहीत नव्हतं. नानाही रविवारी फोनवर बोलले नाहीत. तू त्यांना सांगू नका म्हटलं असशील. मला आनंद झाला, खरंच झाला, आणि मग मी खालचे प्रश्न वाचले. काम कसं होतं? उत्कृष्ट. वागणूक? चांगली. सोडण्याचं कारण? हजेरीत फसवणूक, कंपनीनं कमी केलं. पुन्हा घ्याल का? नाही. राजनंदिनी म्हणाली, सर, हे मला असंच भरावं लागेल, रेकॉर्डला जे आहे तेच जाणार. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला म्हटलं, लगेच पाठवू नकोस, २० पर्यंत वेळ आहे ना. ती म्हणाली, वेळ आहे, पण वेळानं काय बदलणार?

काय बदलणार ते मला माहीत आहे. मी लिहून दिलं की पंच मी करत होतो, माझ्या सांगण्यावरून कार्ड माझ्याकडे होतं, आणि २२ तारखेचा माझा जबाब खोटा आहे, तर तुझ्या नावापुढचा शेरा त्यांना बदलावा लागेल. निदान फसवणूक हा शब्द जाईल. मग तुला नाशिकचं काम मिळेल, आणि नानांना सोडून कुठं जावं लागणार नाही. आणि माझी नोकरी त्याच दिवशी जाईल. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, हजेरीचा माणूस, हजेरीत खोटेपणा केला म्हणून. मला कोण दारात उभं करेल?

हे सगळं मी तुला लिहितोय म्हणजे तुझ्याकडून सुटका मागतोय, हे मला समजतं. राहू द्या, तुम्ही लिहू नका, असं तू म्हणावंस म्हणून. तू बोलत नाहीस ते बरंच आहे.

मला भीती वाटते, अंबिका. सकाळी त्या मशीनसमोर उभा राहतो, ते माझा चेहरा बघून हिरवा दिवा लावतं, आणि मला वाटतं, बरं झालं, आजचा दिवस गेला. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा तेच. यापलीकडे मी काही करतच नाही. लोक आजारी पडतात, रडतात, राजीनामे टाकतात, चिडून माझ्याशी भांडतात. मी नऊ तास पूर्ण करतो.

वैजनाथ


हर्सूल, शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

अंबिका,

लिहून ठेवलंय. दीड पान झालं. चार वेळा लिहिलं, कारण दर वेळी त्यात माझी बाजू शिरत होती. आता फक्त तारखा आणि घडलं ते आहे.

बन्सीला भेटून आलो. दारावरचा बन्सी वॉचमन, तुला लिमलेटच्या गोळ्या द्यायचा तो. रोज सकाळी मी दोन कार्डं लावताना तो दोन हातांवर बसलेला असायचा. म्हटलं, कागदाला एका माणसाची साक्ष असली तर बरं. त्याच्या घरी गेलो, त्यानं बसायला खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, मला काय बी दिसलं नाय." मी म्हटलं, बन्सी, तू रोज बघायचास. तो म्हणाला, "बघत व्हतो. मग तुम्हीच आले अन् म्हणले, बन्सी, तुला काय बी दिसलं नाय म्हण. मी तसंच लिहून दिलं, अंगठा देऊन. आता दिसत व्हतं म्हणलं तर एजन्सीवाला मला ठेवील का?"

बरोबर बोलला. हे मी तुला सांगितलं नव्हतं. त्याला कधी भेटलो होतो तेही लिहितो, १६ सप्टेंबरला.

मी एकटाच लिहून देणार. सोमवारी.

वैजनाथ


ऑफिस, गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

अंबिका,

सोमवारी कागद दिला. सोमवारी म्हणजे संध्याकाळी पाचला. सकाळपासून खिशात होता. जेवणाच्या सुट्टीत देणार होतो, तेव्हा राजनंदिनीकडे कोणी बसलं होतं. दिला एवढं खरं.

तिनं दोनदा वाचला. मग पाणी प्यायली. मला वाटलं आता ती हैदराबादला फोन लावेल, आणि माझे पाय हलके झाले, खरं सांगतो. सहा आठवड्यांत पहिल्यांदा भूक लागली.

ती म्हणाली, "सर, मॅडमवर तुमचं किती प्रेम आहे ते कळतं मला. पण असलं काही लिहून देऊ नका. इकडची बी जाईल, तिकडची बी मिळणार नाही."

मी म्हटलं, प्रेमाचा प्रश्न नाही, हे खरं आहे. ती म्हणाली, "चौकशीच्या दिवशी मी त्या खोलीत होते, सर. तुम्हाला किती धक्का बसला होता ते मी डोळ्यांनी बघितलंय. माणूस एवढं नाटक करू शकत नाही."



कागद तिनं पुढं पाठवला, मी हट्टच धरला म्हणून. मंगळवारी हैदराबादचे साहेब व्हिडिओवर आले, चौकशीला आले होते तेच. ते स्वतः घरून बोलत होते, मागं त्यांची पडद्याची खिडकी दिसत होती. फार सभ्यपणे बोलले. २२ सप्टेंबरचा तुमचा जबाब, वॉचमनचा जबाब आणि तुमच्या पत्नीची कबुली, तिन्ही एकमेकांशी जुळतात, म्हणाले. आता त्यांना नवी नोकरी मिळायची वेळ आली आणि तुम्ही हे घेऊन आलात. तुमच्या म्हणण्याला पुरावा आहे का? मी म्हटलं, दाराजवळच्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं. ते म्हणाले, ते उपलब्ध नाही असं तुम्हीच कळवलं आहे. मी म्हटलं, मी मुद्दाम उशीर केला. ते थोडं हसले. म्हणाले, वैजनाथ, तुमच्यासारख्या माणसाला मी गमावणार नाही. बायकोसाठी माणूस काहीही बोलतो, मी समजू शकतो. हा कागद मी फाईलला लावत नाही. पुन्हा असं लिहिलंत तर मात्र शिस्तभंगाचं बघावं लागेल. आणि मग विचारलं, नवं मशीन नीट चालतंय ना?

मी म्हटलं, चालतंय.

आज दुपारी राजनंदिनीनं फॉर्म पाठवला. होता तसा.

मला कळत नाही मी आता कोणाला जाऊन काय सांगू. खोटं बोललो तेव्हा एका मिनिटात विश्वास बसला. दीड पान खरं लिहिलं तर माझी कीव करतात. माझ्याच सहीनं मला बांधून ठेवलंय, आणि गाठ सोडायला गेलो तर ती गाठच नाही म्हणतात.

आता एकच विचारतो. मी इथला राजीनामा देऊन वैजापूरला येऊ का? नानांना दवाखान्यात नेईन, आणीन. बाजार समितीत कोणा व्यापाऱ्याकडं लिहायचं काम तर मिळेलच. या खोलीतून मला बाहेर पडायचं आहे. तू एक शब्द लिहिलास तरी मी निघतो. चिडून लिहिलास तरी चालेल.

तुझा म्हणायला जीभ धजत नाही,
वैजनाथ


वैजापूर, रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

अहो,

पत्रं सगळी मिळाली. नानांनी एकही उघडलं नाही आणि एकही दाबलं नाही, तुम्ही म्हणालात तसंच.

नाशिकवाल्यांचं परवा आलं. नाही म्हणतात. कारण लिहिलेलं नाही. मी इथल्या एका शिकवणीत संध्याकाळी जायला लागलेय, पाचवी ते सातवीचं गणित. नानांचे दोन दिवस सांभाळून जमतं. माझी काळजी करू नका आणि लोकांना माझ्याबद्दल काही सांगूही नका, खरं किंवा खोटं.

राजीनामा देऊन इकडं येऊ नका. नानांना मी नेते-आणते. आणि तुम्ही आलात म्हणून माझ्या नावापुढचा शब्द जाणार नाही, फक्त तुम्हाला त्या खोलीतून सुटल्यासारखं वाटेल. तुम्हाला सुटलेलं बघायची माझी अजून तयारी नाही. पुढं होईल की नाही ते मला आज सांगता येत नाही. रोज जा. नऊ तास भरा.

तुम्ही खरं लिहून दिलंत यावर माझा विश्वास आहे. बहुतेक माझा एकटीचाच असेल. राजनंदिनीवर रागावू नका. तिनं जे पाहिलं तेच ती सांगते.

सहा पत्रांत तुम्ही पुष्कळ कबूल केलंत. कार्डाचं केलंत, कॅमेऱ्याचं केलंत, बन्सीचं केलंत. प्रत्येक पत्र उघडताना मला वाटायचं, आता ते येईल. ते आलं नाही. कदाचित तुम्हाला ते आठवतही नसेल, म्हणून लिहिते.

२२ तारखेला त्या खोलीत मी तुमच्या डाव्या हाताला बसले होते. साहेबांनी विचारलं, कार्ड कोण पंच करत होतं. तुम्ही म्हणालात, मला माहीत नाही. तेवढ्यावर तुम्ही थांबला असतात तर मी आजही सणावारी त्या घरी आले असते. मी मनाशी ठरवूनच आले होते की सगळं माझ्यावर घेईन, कारण दोघांची जाऊन चालणार नव्हतं. तुमचं नाही म्हणणं मला कळत होतं. पण तुम्ही थांबला नाहीत. तुम्ही खुर्ची माझ्याकडे वळवलीत. सगळ्यांसमोर माझ्या डोळ्यांत बघून, आवाज कापरा करून विचारलंत, "अंबिका, मला न सांगता तू हे कोणाकडून करून घेत होतीस?"

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्यालाही फसवणारी बाई म्हणून. राजनंदिनीनं तुम्हाला पाण्याचा ग्लास दिला.

मी कोणाचं नाव न लिहिता कबुलीवर सही केली. तुम्ही उत्तराची वाट बघत होतात, म्हणजे तसं दाखवत होतात. तुमचा प्रश्न तसाच राहून गेला, त्याचं उत्तर देते आणि पत्र संपवते.

तुमच्याकडून.

अंबिका